दाजी, तो हत्ती शोभेचा नाही

आज सकाळी चहा हातात घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड पडला. 'आखाताला इतिहास नाही, नुसतं तेल आहे, म्युझियमं बांधून संस्कृती विकत घेतात.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची माळ. तिथे बोलले असते तर कुणाचे तरी काका दुखावले असते, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही माझीच माणसं, तुम्हाला पटवायची गरज नाही.

शारजात राहते मी, बरीच वर्षं झाली. पाहुणे एअरपोर्टवरूनच विचारायला लागतात, सोनं कुठे घ्यायचं? आमचे दाजी आले तेव्हा त्यांना दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये नेलं होतं. तिथे इंडिया कोर्टात एक भलामोठा हत्ती उभा आहे. त्यावर माहूत, पाठीवर अंबारी, अंबारीत साप. दाजींनी पुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "बघ, आपल्या गिऱ्हाइकांना खूश करायला ठेवलाय."

अहो दाजी, ते घड्याळ आहे! अल-जझरी नावाच्या अवलियाने 1206 च्या सुमारास यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात हे कसं बनवायचं ते आहे. मॉलमधली त्याची प्रतिकृती. हत्तीच्या पोटात पाणी, पाण्यावर तळाला भोक असलेलं भांडं. ते भरत भरत अर्ध्या तासाने बुडतं, दोरी ओढली जाते, वरून गोळा सुटून सापाच्या तोंडात पडतो, साप झुकतो, माहूत टोला देतो. आता ते भोकाचं भांडं आठवा. लग्नात मुहूर्ताची वेळ मोजायला ठेवायचे ते घटिकापात्र! हे सांगितल्यावर दाजींचा चेहरा फुलला. "म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं तर!"

इथे माझं डोकं सटकतं. गेलं ना? मग? ब्रह्मगुप्ताचं ज्योतिषगणित आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या बगदादला पोचलं आणि त्यांनी ते अरबीत उतरवून घेतलं. दहाव्या शतकात दमास्कसला अल-उक्लिदिसीने अंकगणितावर ग्रंथ लिहिला, तर शीर्षकातच सांगून टाकलं की हा हिंदी हिशेब आहे. ज्याचं त्याला श्रेय दिलं त्यांनी. आपण मात्र त्यांच्या हत्तीपुढे फोटो काढून मोकळे.

दाजींना दुसऱ्या दिवशी शारजाच्या इस्लामी संस्कृतीच्या म्युझियममध्येही नेलं. जुना बाजार होता तो, 2008 पासून तिथे म्युझियम आहे. घुमटात आतून बारा राशी काढल्यात. दाजी मान वर करून आपली वृश्चिक शोधत बसले, पण नंतर इब्न अल-हैथम या जुन्या अरब शास्त्रज्ञाच्या नावाच्या विज्ञानाच्या दालनातून त्यांना बाहेर काढताना मला घाम फुटला. हत्तीला हसणारा हाच माणूस.

आणि विकत घेतात म्हणे! डिसेंबर 2011 मध्ये कैरोतली नेपोलियनच्या काळातली संशोधन संस्था जळाली, तेव्हा दुरुस्तीचा खर्च मी देतो, माझ्याकडची दुर्मीळ पुस्तकंही देतो, असं कोण म्हणालं? शारजाचे शासक. इतिहासात डॉक्टरेट आहे त्यांची. इराकच्या मोसुलमधली अल-नूरी मशीद 2017 मध्ये आयसिसने उडवली. ती युनेस्कोने पुन्हा उभी केली ती अमिरातीच्या पैशावर, आणि त्याच पैशातून शेजारची दोन चर्चंसुद्धा. चर्चंसुद्धा! हे नाही येत फॉरवर्डमध्ये.

बरं, मान्य. मक्केत उस्मानी तुर्कांच्या काळातला अज्याद किल्ला 2002 मध्ये पाडला आणि त्या जागी घड्याळाचा टॉवर आणि हॉटेलं उभी केली. त्याची मला अजून चीड येते. या चकचकीत इमारती बांधणारे हात कुणाचे, त्यांना मिळतं काय, हेही मला ठाऊक आहे, इथेच राहते मी. पण फॉरवर्ड करणाऱ्यांना त्या मजुरांचं पडलेलं नसतं, एवढं नक्की.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. दुबईत जुमा अल माजिद नावाच्या व्यापाऱ्याने हस्तलिखितांचं केंद्र काढलंय. तिथे कसर लागलेली पानं दुरुस्त होतात, आणि त्याची यंत्रं परदेशातल्या ग्रंथालयांना भेटही देतात. त्याबद्दल वाचलं तेव्हा आमच्या माळ्यावरची मोडी कागदांची गाठोडी आठवली. वाळवीने खाल्ली. गावातल्या एका संस्थेला विचारलं होतं, जागा नाही म्हणाले. त्यांचाही काय दोष, छप्परच गळत होतं बिचाऱ्यांचं.

असो. डिसेंबरात येणाऱ्या मंडळींनी ऐका. मागे गेले तेव्हा शारजाचं म्युझियम शुक्रवारी दुपारी चारनंतर उघडायचं, तेव्हा शुक्रवारची सकाळ धरू नका. पोरांना आणा, ती तिथे रमतात. गाडी मी आणेन, डबा मी भरेन. सोनं कुठे स्वस्त मिळतं ते दाजींना विचारा, त्यांनी सगळी दुकानं पालथी घातलीत.