काकूंच्या सुनेची कृपा

व्यायामाचा उत्साह माझ्याकडे भरपूर आहे. फक्त तो रात्री अकराला येतो. जेवणं झालेली असतात, ओटा पुसून झालेला असतो आणि अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलवर कुणीतरी साठीची बाई शीर्षासनात उभी दिसते. त्या क्षणी मला कुणी सांगावं, मी येऊरचा डोंगर चढून येते. उद्यापासून साखर बंद, मैदा बंद! शेजारी घोरणाऱ्याला हलवून सांगते, तुमचाही बंद. सकाळी साडेपाचला गजर झाला की हाच उत्साह कुठे दडी मारून बसतो, देव जाणे.

तसं आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या घरात आरोग्याचं वातावरण कमी नाही. एका घरात तीन पंथ नांदतात. आमचे हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या आहाराचे, म्हणजे दीक्षितपंथी. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, मधे काही तोंडात टाकायचं नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यातली ५५ मिनिटं ह्यांनी अगदी मनावर घेतली आहेत. पानावर बसताना मोबाइलवर वेळ लावतात. चाळीस मिनिटं माणूस सालस असतो. मग नजर मोबाइलकडे जायला लागते. "अगं, गोड काही आहे का? पंधरा मिनिटं आहेत अजून." चौपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाचा डबा उघडतो आणि पंचावन्नाव्याला बंद होतो, तो रिकामा होऊनच. साडेचार किलोमीटरचं काय, असं विचारलं की म्हणतात, एकेक गोष्ट अंगवळणी पडू दे.

मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या बाजूची. तिथे तुपाला आणि भाताला मज्जाव नाही, हे एवढंच कारण. उगाच शास्त्र कशाला पुढे करू? आणि लेक जिमवाली. लोक हप्ता चुकला म्हणून ज्या सुरात सांगतात, त्या सुरात ती रात्री सांगते, "आई, आज माझं प्रोटीन भरलं नाही." एका अंड्यात सहा ग्रॅम असतं, हे आता मलाही पाठ झालं आहे. परवा आमटीची वाटी उजेडात धरून तिने विचारलं, "यात किती असेल?" म्हटलं, "आमसुलं तीन आणि गुळाचा खडा एक. बाकीचं तुझं तू बघ."

तिन्ही पंथांचं एकमत फक्त आषाढीला होतं. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वर तूप. त्या दिवशी ह्यांचं घड्याळ बंद असतं आणि लेक शेंगदाण्यातलं प्रोटीन मोजते. एकादशी नि दुप्पट खाशी असं आपले पूर्वज म्हणून गेलेत, त्यांना आमचं घर नक्की माहीत असणार.

बरं, घराबाहेर पडून चालावं म्हटलं तर ठाण्यात चालायचं कुठे? तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाला. आणि तलावपाळीला जाणं म्हणजे चारी बाजूंनी वेढ्यात शिरणं. घरातून निघालं की प्रशांत कॉर्नरची मिठाई, स्टेशनकडे वळलं की कुंजविहारचा तो पावाबाहेर डोकावणारा वडा, आणि मामलेदार कचेरीशेजारची मिसळ तर आहेच. तिखट मिसळीने घाम येतो आणि घाम आला म्हणजे व्यायाम झाला, असं ह्यांचं मत. मासुंद्याच्या काठावर एकदा कारल्याचा रस विकणारा भेटला. स्टीलच्या पिंपातून त्याने एवढ्याशा ग्लासात हिरवागार रस ओतला, वर चिमूटभर काळं मीठ टाकलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की घेतल्यावाचून गत्यंतर नव्हतं. एका दमात प्यायले. डोळ्यांत पाणी आलं. मग एवढं सोसलं म्हणून स्वतःला एक सामोसा बक्षीस दिला. लेकीच्या हिशेबात तो दिवस तोट्यात गेला.

मग लेकीने मनगटाला घड्याळ बांधलं. रोज दहा हजार पावलं! पावलं भरावीत म्हणून रात्री मी हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालायचे. स्वयंपाकघरात गेल्यासारखं काहीतरी तोंडात पडायचं, तो भाग वेगळा. पुढे कळलं की हा दहा हजारांचा आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आणलं, त्याच्या नावातच तो घातला होता. जागतिक आरोग्य संघटना पावलं मोजत नाही. ती म्हणते आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चाला आणि दोन दिवस स्नायूंना ताण द्या. गव्हाचा डबा वरच्या फळीवरून काढणं या दुसऱ्यात बसतं का, ते विचारायचं आहे.

सवय एकवीस दिवसांत लागते म्हणतात, तेही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पाहिलं तर सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आमचं घराणं कुठलं, हे सांगायला नको. त्यांनी असंही म्हटलंय की एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवायला नको होतं. आता कुठलाही दिवस तो 'एखादा' असतो.

आणि तरीही मी पावसाळा संपल्यावर रोज सकाळी चालायला लागले. शीर्षासनवाल्या बाईमुळे नाही, घड्याळामुळे तर नाहीच. तळमजल्यावरच्या काकूंमुळे. सहाच्या ठोक्याला त्या गेटपाशी उभ्या असतात आणि खालूनच हाक मारतात, "अगं, येतेस ना? कालचं सांगायचंय तुला." कालचं म्हणजे सुनेचं. घरात बोलता येत नाही, फोनवर बोललं तर सून ऐकते, म्हणून तलाव. वॉशिंग मशीनचं प्रकरण एका फेरीत मावतं. सुनेच्या आईने पाठवलेल्या लोणच्याला दोन फेऱ्या लागतात. काकू ऐन रंगात आल्या की पाय असे उचलतात की मला धापा टाकत गाठावं लागतं, आणि पुढचं ऐकल्याशिवाय तर राहवत नाही. गडकरी रंगायतनवरून आम्ही कितीदा गेलो, दोघींनाही भान नसतं. वाटेतला सामोसासुद्धा दिसत नाही. माझा ब्लाउज सैल झाला, तो असा.

गेल्या महिन्यात मात्र घात झाला. सुनेने काकूंच्या वाढदिवसाला पैठणी घेतली. दुसऱ्या दिवशी काकू गेटवर नाहीत. तिसऱ्या दिवशी भेटल्या त्या हसऱ्या चेहऱ्याने, "मुलगी मनाची चांगली आहे गं," म्हणाल्या, अर्धी फेरी मारून कोपिनेश्वराला बाहेरूनच हात जोडले आणि परत फिरल्या. त्यानंतर हाकच नाही. माझा गजर पुन्हा दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकायला लागला. कुणाच्या घरात भांडण व्हावं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या तब्येतीचाही कुणीतरी विचार करायला हवा होता.

काल सकाळी पावणेसहालाच खालून हाक आली. सवयीप्रमाणे पदर खोचत गेले. काकू आधीच चालायला लागलेल्या.

"पोहे बंद केलेत तिने," मान न वळवता म्हणाल्या. "माझ्या कोलेस्टेरॉलसाठी म्हणे! आजपासून ओट्स. चल लवकर, आज येऊरपर्यंत जाऊ."