कॉलेज अडचणीत आलं की आधी कोणाचा खिसा रिकामा होतो?

खासगी कॉलेजवर संकट आलं की पहिली कुऱ्हाड प्राध्यापकांच्या पगारावर पडते. लॉकडाउनमध्ये हे जवळून पाहिलं. पगार थांबवू नका, कोणाला काढू नका, फीसाठी तगादा लावू नका, असं एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने, एप्रिल २०२० मध्येच बजावलं होतं. तरी ओळखीतल्या कितीतरी विनाअनुदानित प्राध्यापकांनी महिनोन्‌महिने अर्ध्या पगारावर काढले. काहींना तेवढाही मिळाला नाही. जागा रिकाम्या राहतात, शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा येते, हे मान्यच आहे. संस्थाचालकांची अडचण खरी असते. पण ती वाटून कशी घेतली जाते, त्यावर माणूस ओळखू येतो.

मला अशा वेळी कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. जयंतीच्या भाषणांतले नव्हेत, पैशांच्या पेचात सापडलेले भाऊराव. त्यांची रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावात निघाली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातलं धान्य संपलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. शिकायला पैसे नाहीत? मग संस्थेच्या शेतात काम कर आणि शीक! आज विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत मिरवणारी ‘कमवा आणि शिका’ योजना अशा टंचाईतून उभी राहिली.

त्यानंतर खरी परीक्षा झाली. बाळासाहेब खेर तेव्हाच्या मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना रयतचं सरकारी अनुदान बंद झालं. भाऊरावांचं सडेतोड बोलणं संस्थेला महागात पडलं, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं. नेत्याचा प्रत्येक गुण संस्थेला फायद्याचाच ठरतो असं नाही. पण तेव्हा स्वतः गाडगेबाबांनी खेरांकडे रयतसाठी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. गाडगेबाबांसारखा माणूस उगाच कोणासाठी मंत्र्यांच्या दारात जाईल का? ही पत भाऊरावांनी आधीच्या तीस वर्षांत कमावली होती. ऐन संकटात ती कुठून आणणार?

आजच्या संस्थाचालकांनी घरचे दागिने विकावेत, असं मी म्हणत नाही. माझी मागणी साधी आहे. कपात करायचीच असेल तर संस्थेचा जमाखर्च सर्व प्राध्यापक आणि कर्मचाऱ्यांसमोर ठेवा. अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्यांचे भत्ते आधी थांबवा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचं मानधन सगळ्यात शेवटी.