गाडी पुसायचीही एक रीत असते

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनटवर तिरपं ऊन पडलं की जवळ जाऊन बघा. उन्हाच्या ठिपक्याभोवती केसासारख्या बारीक चऱ्यांचं गोल जाळं दिसतं. गाडी दोन-तीन वर्षांची असली की हे जाळं हमखास असतंच. मालक म्हणतात, इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये असं व्हायचंच. माझं मत स्पष्ट आहे: यातले बहुतेक चरे रस्त्यावर पडलेले नसतात. ते आपल्याच पार्किंगमध्ये, आपल्याच फडक्याने, गाडी पुसताना पडतात.

गाडीच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. गाडीची सगळी चकाकी या पातळ थरावर टिकलेली असते. आता आपल्याकडची धूळ बघा. मेट्रोचं काम, नवे पूल, गल्लोगल्ली चाललेली बांधकामं, सगळीकडे वाळू. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षाही कठीण असतं. असा एक कण फडक्यात अडकला आणि वर हाताचा दाब पडला, की पुढचा प्रत्येक फेरा त्या थरावर रेघ ओढत जातो.

म्हणून रोज सकाळी कोरड्या गाडीवर फडका मारायची पद्धत मला अजिबात पटत नाही. चार दिवस धूळ बसली तर बसू द्या. नुसत्या बसलेल्या धुळीने चरे पडत नाहीत, ती घासली की पडतात. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याच्या बाजूने आलेल्या गाडीवर गुलालाचा थर असतो, तोही लोक हाताने नाहीतर फडक्याने झटकायला जातात. आधी पाणी ओता, भरपूर ओता, आणि रंग वाहून जाऊ द्या.

धुण्याबद्दल फार बोलत नाही. शॅम्पूची बादली वेगळी, फडका खळबळायची वेगळी, सुरुवात टपापासून आणि चाकं वेगळ्या फडक्याने, एवढं पाळलं तरी पुष्कळ. खरी जोखीम त्यानंतर येते. गाडी स्वच्छ दिसते आणि आपण निर्धास्त होऊन टॉवेल खसाखसा फिरवायला लागतो.

पुसायचं काम जितकं कमी करता येईल तितकं चांगलं, म्हणून निम्मं पाणी पाण्याकडूनच काढून घ्यायचं. शेवटच्या वेळी पाइपचं नोझल काढा, धार मंद ठेवा आणि पाइप पत्र्याच्या अगदी जवळ धरून टपावरून सावकाश खाली आणा. फवाऱ्याने थेंबच थेंब उरतात. मंद धारेने पाण्याची अखंड चादर तयार होते आणि ती जाताना मागचे थेंबही ओढून नेते. गाडीवर चांगलं वॅक्स असेल तर बोनट जवळजवळ कोरडं होतं. हे पहिल्यांदा बघाल तेव्हा खरोखर आनंद होईल. हाताचा छोटा ब्लोअर असेल तर उत्तमच. आरसे, दारांची हँडलं, नंबर प्लेट, मागचे दिवे यांच्या फटींत पाणी दडून बसतं आणि पुसून झाल्यावर ओघळतं, ते आधीच उडवून टाकता येतं. फक्त हवेचा झोत जमिनीकडे नको, नाहीतर खालची धूळ ओल्या गाडीवर येऊन बसेल.

मग टॉवेल. जाड, मऊ, मोठा मायक्रोफायबर टॉवेल घ्या. त्याच्या कडेला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, चरा त्याच्या टोकानेही पडतो. टॉवेल बोनटवर सपाट पसरा, वरून हलक्या तळव्याने थोपटा, मग दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडे ओढा. दाब अजिबात नको, टॉवेलच्या स्वतःच्या वजनाने काम होतं. गोल गोल फिरवायचं नाही. टॉवेलची चौपदरी घडी घाला आणि बाजू बदलत राहा. आधी टप आणि काचा, मग बोनट आणि डिकी, मग दारं. दारांची खालची पट्टी सगळ्यांत शेवटी, तीही दुसऱ्या फडक्याने, कारण चिखलाचे कण तिथेच राहून गेलेले असतात. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद, नुसता झटकून परत वापरायचा नाही.

रबराचा वायपर काचेपुरताच ठेवा. शॅमी, म्हणजे गाडी पुसायचं ते गुळगुळीत, चामड्यासारखं फडकं, तीही मला रंगावर नको वाटते. तिला लव नसते, त्यामुळे कणाला आत शिरायला जागा मिळत नाही आणि तो पत्र्यावरच फरफटतो. जुनी बनियन, फाटकी चादर, अंघोळीचा टॉवेल हे घरात फरशीला उपयोगी पडेल, गाडीला नको.

पाण्याचा प्रश्नही इंदुरात वेगळा आहे. बोअरिंगचं पाणी जड. ते गाडीवर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल डाग राहतात आणि उन्हात दिवसेंदिवस राहिले तर थरात उतरतात. मे महिन्यात तर बोनट इतकं तापतं की आपण एका बाजूने पुसत जातो तोवर दुसरी बाजू वाळून मोकळी. म्हणून गाडी सावलीतच धुवा, ऊन चढायच्या आत, इंजिन थंड असताना. नर्मदेचं पाणी 70 किलोमीटरवरून, जलूदहून उपसून आपल्यापर्यंत येतं. त्याचा पाइप गाडीवर सोडणं मला पाप वाटतं. बोअरिंगच्या पाण्याने गाडी धुवा आणि शेवटची फक्त एक बादली नर्मदेची, मगाने टपावरून सावकाश ओता. आरओचं वाया जाणारं पाणी चाकांना आणि सुरुवातीच्या भिजवणीला चालेल, शेवटी मात्र मुळीच नको, त्यात क्षार जास्तच असतात.

आता मनापासून एक सांगायचं आहे. चरे दिसले की गाडी पुसायला येणाऱ्या मुलावर ओरडतात, ते मला बघवत नाही. तो अंधारात येतो, एका बादलीत सगळ्या बिल्डिंगच्या गाड्या उरकतो, आणि त्याच्या हातातलं फडकं आपणच दिलेलं असतं. लाखोंची गाडी घेतो, तर त्याला चार चांगले टॉवेल घेऊन द्यायला काय हरकत आहे? त्याला सांगा की रोज कोरडं पुसू नकोस, आठवड्यातून दोनदा नीट धू, पैसे तेवढेच देईन. त्याचे कष्ट वाचतील आणि आपला रंगही.

हे टॉवेल धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, तंतूंवर थर बसतो आणि ते पाणी ओढेनासे होतात. साधा लिक्विड साबण, कोमट पाणी, सुती कपड्यांपासून वेगळे धुवा आणि सावलीत वाळवा. वाळले की पिशवीत बांधून ठेवा, गॅलरीच्या कठड्यावर टाकलेत तर पुन्हा धूळ बसेल.

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मिळून टॉवेल मागवतो आहोत. सुदामा नगर, लोकमान्य नगरच्या बाजूला कुणाला हवे असतील तर खाली लिहा, आणि येत्या रविवारी सकाळी गाडी घेऊन या, मंद धार कशी सोडायची ते प्रत्यक्ष करून दाखवतो.