क्रिस्टोफर वूलच्या काळ्या डागाची कड बघा

अमेरिकी चित्रकार क्रिस्टोफर वूलची काळी-पांढरी सिल्कस्क्रीन चित्रं (म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून छापलेली) बघून ‘ही तर डागांची झेरॉक्स’ म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे: चित्रापासून हातभर अंतरावर उभे राहा आणि डागाची फक्त कड बघा.

सांडलेल्या रंगाची कड सलग असते, छापलेल्या डागाची कड ठिपक्यांत फुटलेली दिसते. कारण साधं आहे. काळ्या शाईने करडा छापता येत नाही. शाई जाळीतून उतरते किंवा अडते, मधलं काही नाही; म्हणून करडी छटा लहान-मोठ्या ठिपक्यांनी भासवावी लागते. १९५५ साली जन्मलेला, शिकागोत वाढलेला आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेला हा चित्रकार १९९८ पासून स्वतःच्याच पूर्ण झालेल्या चित्रांचे फोटो स्क्रीनवर उतरवून नव्या चित्रात छापू लागला. म्हणजे हाताने केलेला फराटा आधी ठिपक्यांत मोडायचा आणि मग पुन्हा उभा करायचा.

हे मोडणं सोपं नाही. हाफटोन म्हणजे ही ठिपक्यांची मांडणी इंचाला ४५ रांगांची असेल तर जाळी त्याच्या चार ते पाच पट बारीक हवी, म्हणजे इंचाला १८० ते २२५ धागे. जाळी जाड घेतली की उजळ भागातले बारीक ठिपके धाग्याआड बुजतात, आणि गडद भागात इमल्शनचे (जाळीवर लावलेल्या, प्रकाशाने घट्ट होऊन शाई अडवणाऱ्या थराचे) सुटे कण आधार न मिळाल्याने धुताना वाहून जातात. ठिपक्यांच्या आणि धाग्यांच्या रांगा जवळपास समांतर आल्या तर नको असलेली नक्षी उमटते. म्हणून ठिपक्यांची रांग जाळीला २२.५ अंशांत तिरकी ठेवतात.

सपाट काळा तर त्याहून अवघड. रंगीत कामात पुढचा थर मागची चूक झाकतो, इथे धुळीचा एक कण पांढरा होऊन कायमचा बसतो. जाळीची फ्रेम कागदापासून दोन-तीन मिलिमीटर वर हवी. कमी पडली तर जाळी ओल्या शाईला चिकटते आणि सुटताना पृष्ठभाग खडबडीत करते, जास्त झाली तर प्रतिमा ताणली जाते. पाण्यातली शाई जाळीतच सुकते, म्हणून शाई ओढून छापल्यावर प्रत्येक वेळी जाळीवर शाईचा थर पसरून ठेवावाच लागतो. (आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याआधीच घोळ होतो: इमल्शन वरून कोरडं वाटतं, आतून ओलं राहतं आणि प्रकाश दाखवूनही धुताना सुटून येतं.)

लग्नपत्रिका छापणारा कारागीर अशा चुका असलेला कागद रद्दीत टाकेल, आणि त्याच्या कामात ते बरोबरच आहे. वूलच्या मोठ्या चित्रांत मात्र प्रतिमा अनेक स्क्रीनमध्ये विभागलेली असते आणि दोन स्क्रीनमधला सांधा तो उघडा ठेवतो. माझ्या मते त्याची खरी रेषा तीच. ब्रशचा फराटा त्या सांध्यापाशी तुटतो, किंचित सरकतो, आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. फोनवर ही चित्रं बघून मत बनवू नका. छोट्या पडद्यावर ठिपके एकमेकांत मिसळून करडे होतात आणि सांधा तर दिसतच नाही.