सहा सेकंदांची भीती आणि लपवलेलं शेडनेट

आमच्याकडच्या तरुण पोरांच्या फोनवर सध्या एक मेसेज फिरतोय, 'रेझ्युमेचे सोनेरी नियम' नावाचा. त्यात म्हटलंय की एचआर तुमचा रेझ्युमे फक्त सहा सेकंद बघतो, म्हणून तो रंगीत आणि डिझाइनचा करा. ७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या हाती पडायच्या आधी कॉम्प्युटरच फेकून देतो, म्हणून जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत दडवून भरा. खेड्याचा पत्ता, शेती, मराठी माध्यम दाखवू नका. मधली रिकामी वर्षं अनुभवाच्या दाखल्यानं भरून काढा. आणि धर्म, जात, आधार नंबर सगळं द्या, म्हणजे विश्वास बसतो.

मी वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं भरतीचं काम केलं. आता रविवारी अंबडला पोरापोरींचे अर्ज बघून देते. गेल्या पावसाळ्यात भोकरदनकडचा एक मुलगा आला. पाचशे रुपये मोजून करून घेतलेला रेझ्युमे त्याच्या हातात होता: डावीकडं निळी पट्टी, गोलात फोटो, 'कम्युनिकेशन'पुढं पाचपैकी चार तारे, छंद क्रिकेट. त्याला बियाणे कंपनीत फील्ड सुपरवायझरची जागा हवी होती. बोलता बोलता कळलं, घरच्या शेडनेटमध्ये सहा हंगाम मिरचीचं बीजोत्पादन चालू आहे आणि बायांकडून क्रॉसिंग, म्हणजे संकरित बियाण्यासाठी हातानं परागीकरण, करून घ्यायचं काम हाच बघतो. कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. "शेतीचं लिहू नका म्हणलंय ना त्यात, मॅडम," तो म्हणाला. तेव्हापासून या मेसेजला उत्तर द्यायचं मनात होतं.

आधी सहा सेकंद. हा आकडा हवेतून आलेला नाही. द लॅडर्स या अमेरिकेतल्या नोकरीच्या संकेतस्थळानं २०१२ मध्ये तीस भरती अधिकाऱ्यांची नजर यंत्रानं टिपली, त्यातून तो निघाला. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा मोजलं तेव्हा ७.४ सेकंद भरले. पण ही वेळ पहिल्या नजरेची, म्हणजे कागद ठेवायचा की बाजूला सारायचा एवढं ठरवण्यापुरती. ठेवलेला कागद पुन्हा नीट वाचला जातोच. आणि त्या पहिल्या नजरेत डोळे फिरले ते नाव, आत्ताचं काम, आधीचं काम, तारखा आणि शिक्षण यांवर. निळ्या पट्टीला त्यात काही काम नाही. मीसुद्धा आधी ट्रेड बघायचे, मग शेवटचं काम कुठं आणि कधीपर्यंत. हे कागदाच्या वरच्या एक तृतीयांश भागात साध्या काळ्या अक्षरांत सापडलं की माझा हात थांबायचा. चार ताऱ्यांवरून मला काहीही कळलं नाही. 'मायक्रोमीटरनं ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप घेतो, फानुक कंट्रोलरवर ऑफसेट स्वतः देतो' एवढं लिहिलेल्या आयटीआयच्या मुलाला मी फोन लावायचे, कारण त्याला पहिल्या दिवशी कोणत्या मशीनवर उभं करायचं ते मला समजलेलं असायचं.

७५ टक्क्यांचं प्रकरण वेगळं आहे. मोठ्या कंपन्या अर्ज साठवायला आणि शोधायला सॉफ्टवेअर वापरतात, हे खरं. पण या आकड्याचा माग प्रेपटेल नावाच्या अमेरिकन कंपनीकडं जातो. रेझ्युमे सुधारून द्यायची सेवा विकणं हाच तिचा धंदा होता. २०१३ मध्ये ती बंद पडली आणि आकड्यामागचा अभ्यास लोकांसमोर कधी आलाच नाही. भीती मात्र मागं राहिली, आणि ती आजही पाचशे रुपयांना विकली जाते.

सॉफ्टवेअरला खरा त्रास होतो तो याच मेसेजच्या पहिल्या नियमाचा. दोन रकाने, चौकटी, चित्रात बसवलेली अक्षरं यांतून मजकूर उचलताना ओळी एकमेकींत घुसतात. पांढऱ्या अक्षरांत दडवलेले शब्द तर उचलल्यावर साध्या मजकुरात उघडे पडतात आणि समोरच्याला लबाडी दिसते. जाहिरातीत 'सीएनसी टर्निंग' असेल आणि ते तुम्हाला येत असेल, तर 'लेथचं काम' न म्हणता तेच शब्द उघडपणे लिहा, झालं. आणखी एक आपल्याकडचा घोळ: तालुक्याच्या ठिकाणी अजूनही मराठी अर्ज कृतिदेवमध्ये टाइप करून मिळतो. ती वर्डची फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की तुमच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसतो. असे अर्ज मी स्वतः वाचता न आल्यानं बाजूला ठेवले आहेत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. युनिकोडमध्ये टाइप करून घ्या आणि पीडीएफ पाठवा. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा चितेगावच्या लहान वर्कशॉपमध्ये बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नसतंच. तिथं सुपरवायझर तुमचा कागद फोनवर, चहा पिता पिता वाचतो. त्याला मोठी, मोकळी अक्षरं लागतात.

गाव लपवण्याबद्दल. वाळूजच्या जागेसाठी कुणा नातेवाइकाचा पुण्याचा पत्ता टाकलेले अर्ज मी पाहिलेत. वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हा इथं येऊन राहील का? 'मूळ गाव घनसावंगी, सध्या मुक्काम रांजणगाव शेणपुंजी (वाळूजलगत)' एवढ्यानं तो प्रश्न मिटतो. मराठी माध्यमाचं म्हणाल, तर शाळेचं माध्यम कुणी विचारत नाही, लिहायचीही गरज नाही. इंग्रजी जेवढं येतं तेवढंच लिहा. चॅटजीपीटीकडून भारी वाक्यं घेतली तर मुलाखतीत ती तुमच्या तोंडून निघायला हवीत.

आणि शेती! १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी जालन्यात सुरू झाली, तिचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या जिल्ह्यातल्या मुलानं बियाण्याच्या नोकरीसाठी बीजोत्पादन लपवायचं? बचत गटाचे हिशेब चार वर्षं लिहिणारी मुलगी अकाउंट्सच्या अर्जात 'फ्रेशर' लिहिते. ठिबकचं आख्खं शेत जोडणारा मुलगा प्लंबिंगच्या अर्जात ते सांगत नाही. घरचं काम असलं म्हणून ते बिनकामाचं होत नाही. किती एकर, किती हंगाम, किती माणसं हाताखाली, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं, हे मोजून लिहिता येतं. त्यात अर्धं पान वाढलं तरी चालेल.

सगळ्यात घातक सल्ला रिकाम्या वर्षांचा आहे. मराठवाड्यात ही वर्षं कुठं जातात ते आपण जाणतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात किती लेकरांचं शिक्षण थांबलं. आणि किती जण अभ्यासिकेत एमपीएससीला बसले. आधीच अनेकदा पुढं गेलेली १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा पुन्हा ऐनवेळी पुढं ढकलून २१ मार्चला झाली, त्या काळात वर्षं नुसती वाट बघण्यात सरली. यात लाजायचं काय आहे? 'जून २०१९ ते २०२२ : राज्यसेवा परीक्षेची तयारी' असं सरळ लिहा, पूर्वपरीक्षा पास झाला असाल तर तेही. भरती करणाऱ्याला कोडं नको असतं, कारण दिलं की तो पुढं वाचतो.

खोटा दाखला मात्र पकडला जातो. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागतो, आणि २०१४ पासून कामगाराला नोकरी बदलली तरी न बदलणारा, निधीच्या खात्याचा एकच यूएएन नंबर असतो. तो टाकला की कुठल्या मालकाकडं कधीपासून कधीपर्यंत होता ते समोर येतं. दोन वर्षांचा दाखला आणला आणि निधीत एक महिनाही नाही, असं दिसलं की त्या मुलाचं खरं कौशल्यही कुणी बघत नाही. याच्या उलटही घडतं, आणि ते मला जास्त टोचतं: ठेकेदारामार्फत खरंच तीन वर्षं लाइनवर राबलेला मुलगा रेझ्युमेत कंपनीचं नाव लिहितो, नोंदीत ठेकेदाराचं नाव निघतं, आणि खरं बोलणारा खोटा ठरतो. दोन्ही नावं लिहा: 'अमुक कंपनी, अमुक ठेकेदारामार्फत.'

राहिली वैयक्तिक माहिती. जात-धर्म, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती हा लग्नाचा बायोडाटा झाला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. नुसत्या नावानं एवढं होत असेल, तर वेगळा रकाना काढून जात लिहायला सांगणारा हा मेसेज विश्वास कुणाचा वाढवतोय? हा अन्याय चांगल्या रेझ्युमेनं मिटत नाही, हेही मी मुलांना सांगते. आणि आधार नंबर अर्जावर कधीच नको. तो कागद किती ग्रुपांत फिरेल याचा भरवसा नाही. नोकरी पक्की झाल्यावर कंपनी मागेल तेव्हा द्या.

भोकरदनच्या त्या मुलाचा कागद आम्ही नव्यानं लिहिला. वर नाव, फोन, गाव. मग: 'मिरची बीजोत्पादन, शेडनेट, सहा हंगाम. संध्याकाळी मादी कळ्यांतले पुंकेसर काढणे, सकाळी परागीकरण, क्रॉस केलेल्या फुलांवर खूण, ही कामं मजुरांकडून करून घेतो, रोजची नोंद ठेवतो.' त्यानं ते दोनदा वाचलं.

"मॅडम, क्रॉसिंग मला आईनं शिकवलं. तिचं बी लिहू का?"

मी म्हणाले, इथं नको. मुलाखतीत कुणी विचारलं, कुठं शिकलास, तर हेच सांग.