ससा आजारी पडतो नाकाने आणि जातो पोटाने

पोस्ट मोठी होणारंय, आधीच सांगते. ज्यांच्या घरी ससा आहे किंवा पोरांनी हट्ट करून नुकताच आणलाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, बाकीचे पुढं गेलात तरी चालेल.

आमच्या बंड्याला, म्हणजे आमच्या सशाला, मध्ये सर्दी झाली होती, अँटिबायोटिकचा कोर्स चालू होता, आणि त्या काळात इतक्या लोकांनी इतके सल्ले दिले की मला कळलं आपल्याकडं सशाबद्दल माहिती शून्य आणि आत्मविश्वास शंभर टक्के. आमच्याच गल्लीतल्या एक काकू मायेने त्यांच्या नातवाच्या तापाचं उरलेलं सिरप घेऊन आल्या, "अगं त्याला दोन थेंब दे की, लहान लेकराचंच आहे, काय होत नाही." बाटली बघितली तर अमॉक्सिसिलिन, म्हणजे अँटिबायोटिक. मी ती हातातून घेऊन कपाटावर ठेवली आणि त्यांना चहा दिला. कारण ते सिरप सशासाठी विषच आहे, आणि हे अतिशयोक्तीने म्हणत नाहीये मी.

जरा समजून घ्या. सशाचं पोट कुत्र्यामांजरासारखं नसतं. त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी सीकम नावाची पिशवी असते, आपल्याकडं अपेंडिक्स जिथं चिकटलेलं असतं तोच भाग, पण सशात तो अर्धं पोट व्यापून बसलेला असतो. त्यात कोट्यवधी जिवाणू रात्रंदिवस गवत आंबवत असतात, म्हणजे घरात चोवीस तास इडलीच्या पिठाचं पातेलं चालूच. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन असलं काही गेलं की त्यातले चांगले जिवाणू मरतात आणि रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे वाईट जिवाणू माजतात, ते आतड्यात विष सोडतात, मग पाण्यासारखी संडास, अंग गार पडणं, आणि खेळ खलास. यात वाईट गोष्ट काय, तर हे लगेच होईलच असं नाही, औषध बंद केल्यावर काही दिवसांनीपण होऊ शकतं. त्यामुळं लोकांना संबंधच कळत नाही, "ऊन बाधलं", "नजर लागली", "सशाची जातच नाजूक" असं म्हणून मोकळे होतात.

आणि ते पोरांचं सिरप गोड असतं ना, ससा चाटून चाटून पितो. सशाला जे अँटिबायोटिक खरंच चालतं ते एन्रोफ्लॉक्सासिन मात्र कडूजहर. बंड्याला पहिल्यांदा दिलं तेव्हा त्याने अशी मान झटकली की अर्धं आमच्या ह्यांच्या चष्म्यावर.

मग अँटिबायोटिक द्यायचंच नाही का? तसं नाही हो. एन्रोफ्लॉक्सासिन, सल्फा-ट्रायमेथोप्रिम ही औषधं सशाला नेहमी देतात, आणि गंमत म्हणजे पेनिसिलिनसुद्धा कातडीखाली इंजेक्शनने देतात, गळू झालं असेल तर खास करून, कारण तसं ते थेट आतड्यात जात नाही. तेच तोंडावाटे दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून "माझ्या मैत्रिणीच्या सशाला पेनिसिलिन दिलेलं, काही झालं नाही" हे ऐकून काही करू नका, कसं दिलेलं ते विचारा. ते इंजेक्शनपण डॉक्टरनेच द्यायचं, घरी नाही.

आता डॉक्टरचा विषय. आपल्याकडचे जनावरांचे डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांचा सगळा दिवस म्हशी, शेळ्या आणि कुत्री यांच्यात जातो, ससा कधीतरी येतो. कुत्र्याला अमॉक्सिसिलिन सर्रास देतात त्यामुळं सवयीने हात तिकडं जाऊ शकतो. तर तुम्ही नम्रपणे एकच प्रश्न विचारायचा, "डॉक्टर, हे सशाला तोंडातून चालतं ना?" बस. यात अपमान वगैरे काही नाही. आमच्या डॉक्टरांनी असं विचारल्यावर ड्रॉवरमधून पुस्तक काढलं, पान उघडलं, वाचलं आणि मग लिहून दिलं. आमचे हे बाहेर आल्यावर कुरकुरले की "ह्यांना पुस्तक बघावं लागतंय", माझं मत बरोबर उलटं, मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल आदर वाटला. न बघता खरडणाऱ्यापेक्षा बघून लिहिणारा कधीपण बरा. मेडिकलच्या काउंटरवर मात्र सशाचं औषध विचारू नका. एका दुकानात मला सरळ "वजन किती, दहा किलोच्या पोराचा डोस अर्धा करा" असं सांगितलंय, आणि तेही त्याच अमॉक्सिसिलिनचा.

डोस वजनावर असतो, आणि दीड-दोन किलोच्या जनावरात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरकपण मोठा असतो. किचनच्या काट्यावर पातेलं ठेवून त्यात ससा बसवा, पातेल्याचं वजन वजा करा. कोर्स चालू असताना हे दर दोनतीन दिवसांनी करा. वजन उतरायला लागलं म्हणजे खाणं कमी झालंय, तुम्हाला तो खाताना दिसत असला तरीपण.

द्यायची पद्धत सांगते, कारण इथंच निम्मे लोक हरतात. जाड टॉवेल घ्या (सोलापुरात टॉवेलला तोटा आहे का), ससा त्यात गुंडाळा, फक्त तोंड बाहेर. मागचे पाय नीट धरले गेले पाहिजेत, कारण घाबरून जोरात लाथ मारली तर सशाचा स्वतःचाच मणका मोडू शकतो, त्याची हाडं हलकी आणि पायांत ताकद प्रचंड. उताणा करू नका. सुई काढलेली एक एमएलची सिरिंज समोरून घुसवायची नाही, पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला मोकळी जागा असते तिथून आत सारायची, आणि थोडं थोडं सोडायचं, त्याला गिळू द्यायचं, परत थोडं. घाई केली की फुफ्फुसात जातं. पाण्याच्या भांड्यात औषध मिसळायचा शॉर्टकट तर बिलकुल नको, किती पोटात गेलं ते कळत नाही आणि कडू लागलं की ससा पाणीच सोडतो, आपल्या एप्रिल-मेमध्ये पाणी सोडलेला ससा म्हणजे काय ते सांगायला नको.

आता दही. आमच्या आईंचं (म्हणजे सासूबाईंचं) ठाम मत, "पोटाला थंड, दही दे की चमचाभर." डॉक्टरनी पोराला अँटिबायोटिक दिलं की दहीभात, हे आपल्या घरोघरी ठरलेलं, त्यामुळं त्यांचंही चुकत नाही. पण मोठ्या सशाला दुधातली साखर पचवायची सोयच नसते, दह्यातले जिवाणू त्याच्या सीकमचे मूळचे रहिवासी नव्हेत, आणि वर एन्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांना दुधातलं कॅल्शियम धरून ठेवतं, औषध अंगात नीट उतरत नाही. माणसाला सिप्रोफ्लॉक्सासिन देतानाही दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात ते ह्याच कारणाने. हे मी आईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "बरं, मग मीच खाते," आणि वाटी संपवली. विषय संपला.

सशाचं खरं प्रोबायोटिक, म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंना बळ देणारं, ते गवत, वाळलेलं, लांब काड्यांचं. कोर्स चालू असताना ताटातला सगळ्यात मोठा वाटा गवताचाच पाहिजे, एरवीही तसाच असतो पण ह्या काळात तडजोड नाही. बाहेरचं पॅकेटातलं टिमोथी गवत महाग पडतं, आपल्याकडं वाळलेलं मारवेल मिळालं तर उत्तम, हरळी चालते, कडब्याची वाळकी पानं चघळायला देते मी. कोवळ्या ज्वारीचा फुटवा मात्र चुकूनही नको, त्याने गुरं दगावतात हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. लसूणघास (गुरांचा हिरवा चारा) लोक कौतुकाने आणतात, पण त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त, मोठ्या सशाला रोज नको. आणि गाजर, केळं, बिस्किट, चुरमुरे, भाकरीचा तुकडा हे सगळं बंद. गोड आणि पिठूळ पदार्थ मोठ्या आतड्यापर्यंत पोचले की ते वाईट जिवाणू त्याच्यावरच पोसतात. आमच्याकडं येणारं प्रत्येक पाहुणं गाजर घेऊन येतं, चित्रात बघितलेलं असतं ना, मी घेते आणि कोशिंबीर करते.

आता घाण वाटेल तरी वाचा, लेंड्यांबद्दल. सशाची तब्येत चेहऱ्यावर दिसत नाही. जंगलात दुखणं दाखवलं की शिकारी उचलतो, त्यामुळं तो मरेपर्यंत गप्प बसून राहतो. लेंड्यांवरून मात्र सगळं कळतं. चांगली लेंडी गोल, हरभऱ्याएवढी, हातात चुरगाळली की आत गवताचा भुसा. बारीक, काळी, कडक झाली म्हणजे खाणं कमी पडायलंय. याशिवाय दुसरा एक प्रकार असतो, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या बारक्या घोसासारखा, वास मारणारा, तो ससा थेट गुदद्वारालाच तोंड लावून खातो. घाण सवय नाहीये ती, त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात, ओरडू नका त्याच्यावर. पण असे घोस फरशीवर पडून राहायला लागले, शेपटीखाली चिकटायला लागले, तर पोटाचं गणित बिघडलंय, डॉक्टरना फोटो पाठवा. आणि पाण्यासारखी संडास दिसली तर फोटो-बिटो सोडा, ससा उचला आणि निघा. मी रोज सकाळी ट्रेमधल्या लेंड्या न्याहाळत बसायचे, पोरगा मित्रांना सांगायचा, "मम्मी मोजायलीय."

खाणं बंद झालं तर उद्या बघू असं चालत नाही. दहा-बारा तास काही खाल्लं नाही म्हणजे इमर्जन्सी, आतडं थांबतं. पोट ढोलासारखं ताठ असेल, दात करकर वाजत असतील, कोपऱ्यात अंग चोरून बसला असेल तर जबरदस्तीने काही भरवू नका, अडथळा असू शकतो, सरळ दवाखाना. पोट मऊ असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर सशाचा पेलेट (गोळीखाद्य) कोमट पाण्यात भिजवून पातळ करून सिरिंजने. ससा उलटी करू शकत नाही, आत गेलेलं खालूनच बाहेर पडायला पाहिजे, म्हणून आतडं चालू ठेवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. ऑपरेशनच्या आधीपण सशाला उपाशी ठेवत नाहीत, तुमच्याकडं कुणी ठेवा म्हणालं तर परत विचारा.

उन्हाचं वेगळं सांगते. तिशीच्या वर पारा गेला की सशाला त्रास सुरू होतो आणि आपल्याकडं चाळीस म्हणजे रोजचं. त्याला घाम येत नाही, उष्णता जास्त करून कानातून बाहेर टाकतो. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो आपणहून टेकतो. कूलरचा झोत थेट अंगावर नको, सर्दी असताना तर नाहीच. दवाखान्यात न्यायचं असेल तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीनंतर, आणि नळाला पाणी आज नसलं तरी त्याचं भांडं रोज धुवून भरायचंच. ट्रे रोज बदला, मुताच्या उग्र वासाने नाक आणखी जळतं. सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी कापडाचा माग आहे त्यांनी एक बघा, सुताचे बारीक तंतू उडतात त्यानेपण ससा शिंकतो. प्रत्येक शिंक म्हणजे इन्फेक्शन नसतं. धुळकट गवत, दाताची मुळं वाढणं, काहीही असू शकतं. बंड्याचं नाक वाहात होतं, पुढचे पंजे नाक पुसून पुसून चिकट झालेले, म्हणून औषध लागलं. नुसत्या शिंकेला डॉक्टर थांबू म्हणाले तर थांबा, "स्ट्राँग काहीतरी द्या" असा आग्रह करू नका.

आणि शिंका थांबल्या म्हणून कोर्स अर्ध्यात सोडू नका. सशाच्या सर्दीचे जंतू नाकाच्या आत खोल दडून बसतात, कोर्स बऱ्याचदा दोन आठवडे किंवा जास्तच चालतो, अर्धवट सोडला की परत येतात आणि मग तेच औषध लागू पडेलच असं नाही. संपल्यावरही आठवडाभर तरी ट्रेवर नजर ठेवा, पालेभाजी थांबवली असेल तर एकेक करून सुरू करा, कोथिंबिरीपासून, एकदम ताटभर नाही.

"शेदोनशेच्या सशावर एवढा खर्च?" हे पण ऐकून झालं. हो, केला. ज्यांना करायचा नाही त्यांनी आणू नये, पोराला सायकल घेऊन द्यावी.

बंड्या आता ठीक आहे, काल माझ्या चार्जरची वायर तोडली. कुणाच्या शेतात बिनफवारणीचं मारवेल असेल तर सांगा, मोहोळ असो नाहीतर अक्कलकोट, रविवारी पोतं घेऊन येते. पैसे देणारंय, फुकट नको.