खुलासा : ‘प्रत्येक आय-७ हा आय-५ पेक्षा वेगवान’ हे खरे नाही

‘लॅपटॉप घेताना डोळे झाकून आय-७ घ्या, तो कोणत्याही आय-५ पेक्षा वेगवान असतो’ हा फिरणारा संदेश दिशाभूल करणारा आहे. आय-५ आणि आय-७ ही इंटेल कंपनीच्या संगणक-चिपच्या मालिकांची नावे. त्यांतल्या २०२२ सालच्या दोन चिपचे तपशील, तेही इंटेलनेच दिलेले, शेजारी ठेवून पाहावेत : आय-७-१२५५यू मध्ये १० कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, पण त्यांतले दमदार फक्त २, आणि मूळ वीजमर्यादा १५ वॅट, आय-५-१२५००एच मध्ये १२ कोअर, त्यांतले दमदार ४, आणि मर्यादा ४५ वॅट. कमाल वेग मात्र आय-७ चाच जास्त, म्हणजे ४.५ च्या तुलनेत ४.७ गिगाहर्ट्झ, आणि दुकानातल्या पाटीवर नेमका हाच आकडा ठळक छापलेला असतो. तो वेग थोडाच वेळ टिकतो. व्हिडिओ रेंडर करण्यासारखे सगळे कोअर राबवणारे काम लांबले, की वीज आणि उष्णता यांच्या मर्यादेमुळे यू चिपला (म्हणजे वरच्या आय-७ ला) वेग उतरवावा लागतो आणि ‘धाकटी’ आय-५ पुढे निघून जाते. अर्थात, दिवसभर चार्जरविना लेखन-वाचन करायचे असेल, तर यू चिपच सोयीची. म्हणून नावातले शेवटचे अक्षर आधी वाचावे : यू म्हणजे कमी विजेची चिप, एच म्हणजे जास्त ताकदीची. मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.